पट्टा कमरेला, नजर झाडावर

मंडळी, कुत्र्याला फिरवताना काढलेले झाडांचे फोटो बिघडतात ते बहुतेक वेळा घाईमुळे. कुत्रा पुढे ओढतो, आपण चालता चालताच फोन वर करतो, आणि झाड मागे कललेलं, शेंडा कापलेला असा फोटो हाती येतो. उपाय कुत्र्याकडेच आहे. रोजच्या वाटेवर त्याच्या वास घ्यायच्या जागा ठरलेल्या असतात. तिथून जे झाड नीट दिसतं ते निवडा. फोटोसाठी त्याला थांबवू नका, तो थांबला की फोटो काढा. वास घेणं ही त्याची गरज आहे, ती त्याला मनसोक्त भागवू द्या.

पट्टा साधा, दीड मीटरचा, कमरेच्या बेल्टला अडकवलेला असावा. गुंडाळला जाणारा लांब दोरीचा पट्टा मुंबईच्या रस्त्यावर नकोच. पट्ट्याच्या मुठीवरचा ब्रेक दाबेपर्यंत कुत्रा रिक्षासमोर गेलेला असतो. कुत्रा दांडगा आणि ओढणारा असेल तर पट्टा कमरेला बांधू नका, तो धरायला सोबत दुसरं माणूस घ्या.

आता झाड का कलतं ते पाहू. फोन वर वळवला की खोडाच्या रेषा शेंड्याकडे जवळ येतात आणि झाड मागे पडल्यासारखं दिसतं. म्हणून फोन उभा आणि सरळ धरा, कॅमेऱ्याची ग्रिड (पडद्यावरच्या आडव्या-उभ्या रेषा) चालू ठेवा, आणि मागे जा. 12 मीटर उंचीचं झाड फोनच्या मुख्य लेन्समध्ये असं पूर्ण बसवायला 15–16 मीटर, म्हणजे सुमारे 22 पावलं मागे जावं लागतं. खालच्या अर्ध्या भागात नुसता रस्ता येईल. तो नंतर कापा. जवळूनच 0.5 ची (जास्त रुंद दृश्य टिपणारी) लेन्स लावली की झाड चौकटीत बसतं खरं, पण फोन जरा कलला तरी कडेच्या फांद्या ताणल्या जातात. दादरच्या हिंदू कॉलनीसारख्या गल्लीत मागे जायला जागाच नसते. तिथे पूर्ण झाडाचा हट्ट सोडा. बुंधा आणि पहिली फांदी फुटते ती जागा घ्या. झाडाची ओळख पुष्कळदा तिथेच पटते.

उंचीचा अंदाज यावा म्हणून कुत्रा फोटोत हवा असेल, तर तो बुंध्याशीच उभा पाहिजे; तेव्हा पट्टा सोबतच्या माणसाच्या हाती द्या. कॅमेऱ्याजवळ असला तर झाड त्याच्यापुढे रोपटं वाटतं.

शिवाजी पार्कच्या कट्ट्याभोवतीचे पर्जन्यवृक्ष घ्या. या झाडाची पानं रात्री मिटतात. उजाडताना, ती उघडायच्या आत, फांद्यांची सगळी रचना आभाळावर स्वच्छ दिसते. ऊन चढलं की पर्णसंभार भरतो आणि ती झाकली जाते. दोन्ही फोटो एकाच फेरीत मिळतात, एक जाताना आणि एक परतताना. मात्र पहाटेचं फिकट आभाळ फोनला फसवतं. पानांवर उजेड मोजला तर आभाळ पांढरंफटक पडतं. फांद्यांच्या मधल्या आभाळावर बोट दाबून ठेवा, फोकस आणि एक्सपोजर लॉक होऊ द्या, मग उजेड गरजेनुसार किंचित वाढवा.

एकच झाड वर्षभर टिपण्यात खरी मजा आहे. देशी बदाम जानेवारी-फेब्रुवारीत लाल होऊन पानं गाळतो, काटेसावर फेब्रुवारी-मार्चमध्ये निष्पर्ण असताना फुलते, बहावा आणि तामण एप्रिल-मेमध्ये. पावसाळ्याआधीच्या छाटणीत कोणती फांदी गेली तेही कळतं. त्यासाठी उभं राहायची जागा तीच ठेवा; फुटपाथवरची एखादी फरशी खूण म्हणून पुरते. उजेड मात्र बदलणारच. मुंबईत जून आणि डिसेंबरमधल्या सूर्योदयाच्या दिशांत जवळपास 50 अंशांचा फरक पडतो, त्यामुळे हिवाळ्यात उजळलेली खोडाची बाजू जूनमध्ये सावलीत असू शकते.

एप्रिल-मेमध्ये हाताची मागची बाजू डांबरावर 7 सेकंद टेकवून पाहा. चटका बसला तर कुत्र्याचे पंजेही भाजतील. त्या दिवशी फोटो राहू द्या. पावसाळ्यात साल ओली होऊन तिचा रंग गडद, पोत ठळक होतो. पण वारा असताना गुलमोहराखाली थांबू नका, त्याची फांदी ठिसूळ असते. तुंबलेल्या पाण्यातून कुत्र्याला नेऊ नका, लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस या आजाराचा) धोका असतो. एसीच्या खोलीतून कॅमेरा थेट बाहेर काढला तर काचेवर वाफ धरते. तो बंद पिशवीत अर्धा तास बाहेर ठेवून मगच उघडा. घरी आल्यावर आधी कुत्र्याचे पंजे पुसा, मग लेन्स कोरडी करून सिलिका जेलच्या डब्यात ठेवा. दमट हवेत काचेला बुरशी लागते.