काटा खाली, हीटर गार

मंडळी, आजचा विषय ऐकून दोघा-तिघांनी मला दारातच गाठलं. "सर, इंजिन थंड चालतंय ही काय तक्रार झाली?" प्रश्न साहजिक आहे. भर मे महिन्यात लोड घेऊन कसारा घाट चढणाऱ्या माणसाला तापमानाचा काटा लाल पट्ट्यापासून लांब राहिला की जिवात जीव येतो. काटा जितका खाली तितकी गाडी बरी, असा आपला सरळ हिशोब. तो चुकीचा आहे हे कळायला गाडी थंडीच्या मुलखात जावी लागते.

पिंपळगावहून कांदा भरून श्रीनगरला जाणारी आणि येताना सफरचंद घेऊन वाशी मार्केटला उतरणारी एक दहाचाकी गाडी माझ्याकडे आली होती. ड्रायव्हरचं म्हणणं असं: "बनिहालचा बोगदा ओलांडून काझीगुंडला उतरलो की हीटर नुसता वारा फेकतो. चढाला थोडी ऊब येते, उताराला जाते." आधीच्या गॅरेजनं 'हीटर चालत नाही' एवढंच ऐकलं, डॅशबोर्ड उचकला आणि हीटरची जाळी नवी बसवून दिली. मालकाचे पैसे गेले, हीटर होता तसाच. खरं तर निम्मं निदान ड्रायव्हरनं तोंडानं सांगून टाकलं होतं: चढाला येते, उताराला जाते.

केबिनच्या हीटरला स्वतःची आग नसते. इंजिनचं गरम पाणी (कूलंटच, पण आपण सगळे पाणीच म्हणतो) त्या छोट्या जाळीतून फिरतं आणि ब्लोअर त्यावरून हवा ढकलतो. लोड घेऊन चढताना इंजिन भरपूर डिझेल जाळतं, उष्णता मुबलक. उताराला गिअरमध्ये अॅक्सिलेटर सोडला की डिझेल जवळजवळ बंद. त्या वेळी आधीची उष्णता इंजिनात कोंडून ठेवायचं काम थर्मोस्टॅटचं, म्हणजे रेडिएटरकडे जाणारं पाणी तापमानाप्रमाणे सोडणाऱ्या-अडवणाऱ्या झडपेचं. उतार लागल्याबरोबर ऊब पळत असेल, तर रेडिएटरकडे जायला नको त्या वेळी पाणी तिकडे चाललंय.

थर्मोस्टॅटच्या पोटात मेण असतं. १९३० च्या दशकात सर्जियस व्हर्नेट यांनी ही युक्ती पुढे आणली आणि आजही जगभरातली बहुतेक इंजिनं तिच्यावरच चालतात. मेण वितळलं की फुगतं, दांडी ढकलतं, झडप उघडते. त्यावर तापमानाचा आकडा कोरलेला असतो. ट्रकच्या इंजिनात ८२ अंशाला उघडायला सुरुवात आणि ९५ च्या आसपास पूर्ण उघडी, असा साधारण प्रकार. स्प्रिंग मेली, बैठकीवर गंजाचा कण अडकला किंवा कडेचं रबर बसवायचं राहून गेलं, की झडप बंद होऊनही पाणी सुटतं.

पण थर्मोस्टॅटवर संशय आला म्हणून लगेच पाना उचलायचा नाही. सगळ्यात आधी, गाडी पूर्ण थंड असताना, पाण्याची पातळी बघायची. हे मी दोनदा सांगणार, कारण इथं इंजिन जातं. पाणी कमी असेल तर हीटरची जाळी उंचावर असल्यामुळे ती पहिल्यांदा एअर धरते, म्हणजे तिच्यात हवा अडकते, म्हणून हीटर गार. तापमानाचा सेन्सर पाण्याऐवजी हवेत लटकतो, म्हणून काटाही खाली. म्हणजे काटा खाली, हीटर गार, आणि आत हेड (सिलिंडरवरचं झाकण) भाजून निघालंय. दोन्ही साक्षीदार एकच खोटं बोलतात. वर पाणी घातल्यानंतर गाडीचं तोंड चढाला ठेवा, हीटरचा कॉक पूर्ण उघडा, जिथं एअर काढायचे स्क्रू दिलेत तिथून एअर काढा. कॅप गरम इंजिनावर उघडायची नाही, हे वेगळं सांगायला नको, तरी सांगतो.

एअर काढूनही दोन दिवसांनी परत धरत असेल तर ती कुठून तरी आत येतेय. पोरांच्या डोक्यात लगेच हेड गॅस्केट येतं. ट्रकमध्ये त्याआधी ब्रेकच्या एअर कॉम्प्रेसरकडे बघा. त्याचं हेड इंजिनच्याच पाण्यानं थंड होतं. त्याला तडा गेला किंवा गॅस्केट फुटलं की ब्रेकची हवा पाण्यात घुसते. कूलंटच्या टाकीत बुडबुडे बघत बसायचं. ब्रेकच्या हवेच्या टाकीचं प्रेशर भरत असताना बुडबुडे आणि ती भरून कट-ऑफ झाल्यावर शांत, असं दिसलं तर कॉम्प्रेसर खोला, इंजिनचं हेड नका खोलू.

पातळी बरोबर आहे? मग काट्याची परीक्षा. जुन्या धाटणीच्या सेन्सरमध्ये तापमान वाढलं की रोध कमी होतो. म्हणजे टोकावर गंज चढला, वायर अर्धवट तुटली, अर्थ ढिला झाला, की रोध वाढतो आणि काटा थंडीकडे झुकतो. इंजिन ठणठणीत, हीटर कडक आणि काटा मात्र खाली, अशी गाडी आली तर पाणी सोडू नका, वायर तपासा. स्कॅनर लागत असेल तर त्यातलं तापमान वाचा, मात्र तेही एखाद्या सेन्सरचंच असतं. म्हणून इन्फ्रारेडची बंदूक जवळ हवी. आता ही बंदूक आली तेव्हापासून सगळे थर्मोस्टॅटच्या चकचकीत अॅल्युमिनियमच्या हाऊसिंगवर रोखतात आणि आकडा बघून हबकतात. चकाकणारा धातू स्वतःची उष्णता नीट सोडत नाही, आजूबाजूचीच परत फेकतो. बंदूक खऱ्यापेक्षा कितीतरी कमी दाखवते. हाऊसिंगवर काळ्या इन्सुलेशन टेपचा तुकडा चिकटवा, टेप तापू द्या आणि तिच्यावर मोजा.

यानंतर वरचा होज पाइप. सकाळी गाडी पूर्ण गार असताना सुरू करा आणि फॅनपासून हात सांभाळून इंजिनातून रेडिएटरकडे जाणाऱ्या पाइपवर हात ठेवा. थर्मोस्टॅट चांगला असेल तर इंजिन तापत राहील आणि हा पाइप बराच वेळ गारच राहील. झडप उघडली की पाइप थोडक्या वेळात हात टिकणार नाही इतका तापतो. तो पहिल्यापासूनच हळूहळू कोमट होत चालला, तर पाणी सुरुवातीपासून रेडिएटरला जातंय. काही इंजिनांत थर्मोस्टॅट खालच्या पाइपाच्या बाजूला असतो, तिथं ही परीक्षा तशीच्या तशी लागू करू नका. आणि हे सगळं जागेवर उभ्या गाडीत होईल अशी आशा धरू नका. मोठं डिझेल इंजिन आयडलवर इतकं कमी डिझेल जाळतं की थंडीत ते तासभरही पुरतं तापत नाही. लोड घालून पंधरा-वीस किलोमीटर फिरवून आणा.

हीटरचे दोन पाइप शेवटी. दोन्ही कडक गरम आणि हवा गार असेल तर दोष हवेच्या बाजूला: फ्लॅप अडकलाय, केबल सुटलीय किंवा फिल्टर धुळीनं बंद झालाय. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या एन-२ आणि एन-३ वर्गातल्या (साडेतीन टनांवरच्या) ट्रकांना केबिनचा एसी सक्तीचा झाला, तेव्हा फ्लॅपच्या तक्रारी वाढणारच. एक पाइप गरम आणि दुसरा गार असेल तर जाळी बुजलीय, कॉक अर्धवट उघडतोय किंवा एअर धरलीय. दहा-पंधरा अंशांचा फरक चालतो. दोन्ही कोमट असतील तर मात्र हीटरला हात लावू नका, इंजिनच थंड आहे. त्या दहाचाकीचे दोन्ही पाइप कोमट होते. जाळी बदलण्याआधी कुणी दोन बोटं लावली असती तर डॅशबोर्ड उचकावा लागला नसता.

फॅनबद्दल एक गैरसमज आहे. व्हिस्कस क्लच (गरजेप्रमाणे फॅन जोडणारा-सोडणारा) जाम होऊन फॅन सतत घोंगावतोय म्हणून इंजिन थंड, असं पटकन बोललं जातं. थर्मोस्टॅट नीट बंद होत असेल तर रेडिएटर कितीही थंड केला तरी इंजिनातलं पाणी तिकडे जातच नाही. कडाक्याच्या थंडीत फॅनचा वारा ब्लॉकवर लागून थोडा फरक पडेल, बस. जाम फॅन डिझेल खातो म्हणून तो दुरुस्त करा, पण गार हीटरचा गुन्हेगार म्हणून त्याला आधी पकडू नका.

त्या दहाचाकीचं हाऊसिंग खोललं. आत थर्मोस्टॅट नव्हताच. उन्हाळ्यात गाडी घाटात गरम व्हायची, तेव्हा कुणी तरी तो काढून फेकला होता. हे आपल्याकडे इतकं सर्रास चालतं की कुणाला त्यात काही वावगं वाटत नाही. आता यातली गंमत ऐका. बऱ्याच इंजिनांत थर्मोस्टॅट दोन कामं करतो: रेडिएटरची वाट उघडताना बायपासची, म्हणजे परस्पर इंजिनात परतायची, वाट बंद करतो. तो काढून टाकला की बायपास कायमचा उघडा. घाटात पूर्ण लोडवर थोडं गरम पाणी रेडिएटरला न जाताच परत इंजिनात फिरतं. म्हणजे गाडी थंड राहावी म्हणून थर्मोस्टॅट काढला, आणि ती थंडीत जास्त थंड आणि घाटात जास्त गरम चालायला लागली. त्या गाडीचा मूळ रोग रेडिएटरमध्ये होता. वर्षानुवर्षं बोअरचं पाणी भरून नळ्यांत क्षार साचले होते. रेडिएटर साफ केला, थर्मोस्टॅट बसवला, निम्मं कूलंट आणि निम्मं डिस्टिल्ड पाणी भरलं. हे मिश्रण उणे ३५ अंशांच्या खालीपर्यंत गोठत नाही, काश्मीरला तेच हवं.

हीटर सोडा, आम्ही घोंगडी घेऊ, असं म्हणणारे ड्रायव्हर मी पाहिलेत. तुम्ही घोंगडी घ्याल, लायनर (सिलिंडरची आतली नळी) काय घेईल? थंड सिलिंडरमध्ये डिझेल नीट जळत नाही, पांढरा धूर येतो, न जळलेलं डिझेल भिंतीवरून ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिक काढून वास घ्या, ऑइलची पातळी वाढलेली दिसली तर खूश होऊ नका. क्रँककेसमधली वाफ उडून जात नाही, चिखल धरतो. अॅव्हरेज पडतं. आणि एप्रिल २०२० पासूनच्या बीएस सिक्स गाड्यांत आणखी एक भानगड आहे. सायलेन्सरमधला धूर साधारण २०० अंशांपर्यंत तापल्याशिवाय धूर स्वच्छ करणारा युरियाचा फवारा नीट काम करत नाही, खडे जमतात. बऱ्याच इंजिनांत पाणी थंड असेल तर धुराच्या फिल्टरची साफसफाई कॉम्प्युटर सुरूच करू देत नाही. युरिया उणे ११ ला गोठतो आणि त्याची टाकी इंजिनच्या पाण्यानंच तापवली जाते. द्रासच्या हिवाळ्यात थंड इंजिन घेऊन गेलात तर तिथंही अडाल. छोट्या गाड्यांच्या स्कॅनरवर पी०१२८ कोड दिसला तर तो हेच सांगत असतो: पाणी थर्मोस्टॅटच्या तापमानापर्यंत पोचत नाहीये.

मागून प्रश्न आला, रेडिएटरपुढे पुठ्ठा लावतात ते चालतं का? खऱ्या थंडीत, चांगल्या थर्मोस्टॅटसोबत, चालतं. बिघाडावर इलाज म्हणून नाही. पुढे इंटरकूलर (इंजिनात जाणारी हवा थंड करणारी जाळी) असतो, तो पूर्ण झाकलात तर इंजिनला गरम हवा मिळेल. मधला भाग उघडा ठेवा, कारण व्हिस्कस फॅनला मधून येणाऱ्या हवेवरूनच तापमान कळतं. चढ लागायच्या आधी पुठ्ठा काढा.

थर्मोस्टॅट पातेल्यात उकळून तपासता येतो. दोऱ्यानं पाण्यात लटकवा, बुडाला टेकू देऊ नका, शेजारी थर्मामीटर ठेवा आणि कितीला उघडतो आणि थंड झाल्यावर पूर्ण मिटतो का ते बघा. मिटणं जास्त महत्त्वाचं. लेहला हा प्रयोग केलात तर मात्र तो अर्धाच उघडेल. तिथं साडेतीन हजार मीटर उंचीवर पाणी ८८ अंशांच्या आसपासच उकळतं, ९५ कुठून येणार? चांगला माल फेकून द्याल. मोठ्या इंजिनांत दोन थर्मोस्टॅट असतात, ते जोडीनंच बदला. त्यावरची एअर सुटायची छोटी पिन वरच्या बाजूला ठेवून बसवा. गाडी लोडवर फिरवून आणल्यावर रात्रभर थंड होऊ द्या आणि सकाळी पातळी पुन्हा बघा, बहुतेक वेळा लिटरभर तरी पाणी लागतंच.