शेवटचं काय बसवलं?

पावसाळ्यात साताऱ्याहून यवतेश्वरचा घाट चढून कासकडे जाताना भर दुपारीसुद्धा कधी कधी पुढची दहा पावले दिसेनाशी होतात. मोटारसायकलचा मूळचा दिवा अशा धुक्यात पांढरी भिंत उभी करतो, रस्ता दाखवत नाही. म्हणून या भागातील तरुण गाडीला फॉग लाइट बसवून घेतात आणि त्यात हौसेइतकीच गरजही असते, हे आधीच सांगितले पाहिजे. कारण बदल केलेली गाडी बंद पडली की पहिला बोल मालकाच्या हौसेला लागतो आणि दोष शोधण्याचे काम तिथेच थांबते.

साताऱ्यातील एका छोट्या गॅरेजमध्ये उभी असलेली गाडी बीएस-६, म्हणजे धुराचे प्रदूषण रोखणाऱ्या 'भारत स्टेज-६' निकषांच्या इंजिनाची आहे. १ एप्रिल २०२० पासून हे निकष देशभर लागू झाले आणि बहुतेक मोटारसायकलींमधून कार्बोरेटर जाऊन त्या जागी इंधन फवारणारा इंजेक्टर, टाकीतला पंप आणि या सगळ्यावर देखरेख ठेवणारा छोटा संगणक आला. या गाडीच्या मालकाने वर्षभरात चार बदल केले. आधी रुंद हँडल, मग नवा सायलेन्सर, नंतर मोबाइल चार्जर आणि अगदी अलीकडे फॉग लाइटची जोडी. कासहून भिजत परत येताना तो चहाला थांबला, उठून त्याने सेल्फचे, म्हणजे विजेवर इंजिन सुरू करणाऱ्या मोटरचे, बटण दाबले, तेव्हा सीटखालून फक्त 'टक टक टक टक' असा आवाज आला. दुसऱ्या दिवशी त्याने नवी बॅटरी घेतली. दोन दिवस गाडी नीट चालली आणि तिसऱ्या दिवशी पावसात पुन्हा तोच आवाज आला.

मेकॅनिकने पान्याला हात लावण्याआधी एकच प्रश्न विचारला : "बंद पडायच्या आधी शेवटचं काय बसवलं?"

हा प्रश्न आरोपासारखा ऐकू येतो, पण तो तसा नाही. कंपनीतून आलेली वायरिंगची जुडी वर्षानुवर्षे कोणी उघडत नाही. तिच्यात जिथे माणसाचा हात अलीकडे गेला आहे, तिथून शोध सुरू केला तर अर्धा वेळ वाचतो. बसवलेली वस्तू क्वचितच खराब निघते. बहुतेक वेळा तिचा जोड खराब असतो.

यानंतर मेकॅनिकने चावी ऑन केली आणि सगळ्यांना गप्प राहायला सांगितले. टाकीतला पंप दोन-तीन सेकंद गुणगुणला आणि थांबला, म्हणजे पंपाला वीज मिळत होती आणि त्याचा फ्यूज शाबूत होता. किल स्विच (हँडलवरचा इंजिन बंद करायचा स्विच), न्यूट्रलचा दिवा, साइड स्टँड आणि क्लचचा स्विच या गोष्टी त्याने मिनिटभरात तपासल्या. हँडल बदललेल्या गाडीत क्लचच्या स्विचचा कपलर, म्हणजे वायरी जोडणारा खटका, लावायचा राहून जातो किंवा मानेपाशी वायर ताणली जाते आणि मग सेल्फ दाबल्यावर काहीच आवाज येत नाही. इथे आवाज येत होता, म्हणून हँडल संशयातून सुटले.

सायलेन्सरबद्दल थोडे थांबून बोलायला हवे, कारण त्याच्यावर नेहमी जास्तीचा आळ येतो. नव्या सायलेन्सरमुळे आवाज वाढतो, धुरातला ऑक्सिजन मोजणारा सेन्सर नीट न बसल्यास इंजिनाचा पिवळा दिवा लागतो, कायद्याच्याही अडचणी येतात. पण थंड इंजिन सुरू होताना संगणक त्या सेन्सरचे वाचन विचारातच घेत नाही, त्यामुळे केवळ तेवढ्याने गाडी सुरू होण्याचे थांबत नाही. ते थांबते ते सेन्सरची वायर इंजिनातून धूर बाहेर नेणाऱ्या तापलेल्या बेंड पाइपला टेकून वितळली आणि तिच्याबरोबर इंजेक्शनचा फ्यूज गेला तर. या गाडीत ती वायर पाइपपासून चांगली चार बोटे दूर बांधलेली दिसते.

आता व्होल्ट मोजणारा मल्टिमीटर बाहेर येतो. बॅटरीच्या दोन टोकांवर १२.६ व्होल्ट दिसतात, म्हणजे ती पूर्ण भरलेली आहे. सेल्फ दाबल्यावर 'टक टक' चालू असतानाही हा आकडा १२च्या खाली येत नाही. याचा अर्थ नीट समजून घेतला तर पुढचे सगळे उलगडते. बॅटरी थकलेली असती, तर सेल्फचा भार येताच आकडा ९ किंवा ८पर्यंत घसरला असता. इथे बॅटरी द्यायला तयार आहे, पण घेणाऱ्यापर्यंत वीज पोहोचतच नाही. नव्या बॅटरीवर झालेला खर्च वाया गेला तो इथे, कारण जुनी काढण्यापूर्वी हे एक माप कोणी घेतले नव्हते.

मेकॅनिक मीटरची काळी वायर बॅटरीच्या निगेटिव्हवर धरतो आणि लाल वायर इंजिनाच्या उघड्या धातूला टेकवतो. ही दोन्ही ठिकाणे एका जाड केबलने जोडलेली असल्यामुळे सेल्फ दाबल्यावरही त्यांच्यात फार तर ०.२ किंवा ०.३ व्होल्टचा फरक पडायला हवा. पडद्यावर आकडा सहा-सात व्होल्टच्या आसपास उड्या मारताना दिसतो. बॅटरीची अर्धी ताकद परतीच्या वाटेवरच, अर्थिंगमध्ये, अडून राहिली आहे.

त्या केबलचा माग काढत हात सीटखालच्या एका बोल्टपाशी पोहोचतो. हे दृश्य जवळून पाहण्यासारखे आहे. बोल्टखाली आधी चेसिसचा रंग आहे, त्यावर फॉग लाइटच्या अर्थिंगची पातळ थिंबल, म्हणजे वायरच्या टोकाची धातूची कडी, आहे आणि तिच्यावर इंजिनाची जाड केबल आहे. फॉग लाइट बसवणाऱ्याने सोय म्हणून हा बोल्ट सोडला, आपली थिंबल मधे सरकवली आणि बोल्ट पुन्हा आवळला, पण पुरता नाही. फटीतून पाणी आत गेले. कल्हई उडालेल्या पितळेच्या भांड्यात ताक कळकावे, तसा तांब्यावर हिरवा थर चढला आहे, आणि या थरातून गाडीच्या मीटरचे दिवे लागण्याइतकी वीज जाते, सेल्फची मोटर फिरवण्याइतकी जात नाही. 'टक टक' आवाजही याच बोल्टमुळे येतो : सेल्फचा रिले, म्हणजे छोट्या विजेवर मोठी वीज जोडणारा स्विच, ओढला जातो, मोठा भार येताच अर्थिंग कोसळते, रिलेची पकड सुटते, भार जातो, अर्थिंग सावरते आणि रिले पुन्हा ओढला जातो. कोरड्या हवेत हा जोड कसाबसा निभावत होता; पावसाने त्याचा निकाल लावला.

दुरुस्तीला वीस मिनिटे लागली. रंग आणि हिरवा थर पॉलिश पेपरने घासून धातू चकचकीत केला, इंजिनाची केबल एकटी आवळली, तिच्यावर पेट्रोलियम जेलीचा हात फिरवला आणि फॉग लाइटचे अर्थिंग थेट बॅटरीच्या निगेटिव्हवर वेगळे नेले. बटण दाबताच इंजिन पहिल्या फेऱ्यात पेटले.

मेकॅनिकने तरीही गाडी लगेच सोडली नाही आणि ते योग्यच होते. फॉग लाइटची पॉझिटिव्ह वायर बॅटरीवरून फ्यूजशिवाय आणलेली होती आणि स्विच चावीच्या ताब्यात नव्हता. २० वॅटचे दोन दिवे १२ व्होल्टवर सव्वातीन अँपिअरच्या आसपास वीज खातात. चुकून चालू राहिले, तर आठ अँपिअर-तासांची बॅटरी अडीच तासांत रिकामी होते. त्याने बॅटरीजवळ ५ अँपिअरचा फ्यूज टाकला, चार टोकांचा रिले बसवला आणि रिलेला इशारा देणारी वायर अशा ठिकाणाहून घेतली, जिथे चावी बंद होताच वीज बंद होते. फ्यूज दिव्याला वाचवण्यासाठी नसून वायरला वाचवण्यासाठी असतो. म्हणून उडालेल्या फ्यूजच्या जागी मोठा फ्यूज किंवा तांब्याची तार घालणे म्हणजे सीटखाली आग पेटण्याची सोय करणे होय, आणि हे त्याने मालकाला दोनदा सांगितले.

शेवटी पाण्याची बाटली घेऊन त्याने तोच बोल्ट पूर्ण भिजवला, दहा मिनिटे थांबला, मीटर पुन्हा त्याच दोन ठिकाणी धरला आणि मालकाला सेल्फ दाबायला सांगितले. आकडा ०.१ व्होल्टवर स्थिर राहिला. मग त्याने कागदावर काय बसवले, कोणत्या रंगाची वायर कुठून कुठे गेली आणि फ्यूज किती अँपिअरचा आहे, हे तारखेसह लिहिले, तो प्लॅस्टिकच्या पिशवीत घातला आणि टूलकिटशेजारी ठेवून सीट बंद केली.