शिंपीकाकांची टेप

श्रोतेहो, नमस्कार. प्रोस्टेट ग्रंथीचा कर्करोग आणि पोटावरची चरबी यांच्या नात्याविषयी आज बोलायचे आहे, आणि त्यासाठी शहापुरातील एका शिंपीकाकांची हकीगत त्यांच्याच परवानगीने सांगतो.

काकांचे प्रोस्टेटचे ऑपरेशन झाल्यावर रक्तातील पीएसए, म्हणजे प्रोस्टेटमध्ये तयार होणारे एक प्रथिन, जवळजवळ शून्यावर आले आणि तीन वर्षे तसेच राहिले. चौथ्या वर्षी ते 0.2 झाले, महिन्याभराने 0.3. ऑपरेशननंतर पीएसए लागोपाठ दोनदा 0.2 किंवा अधिक भरले, तर आजार परतल्याचे आम्ही मानतो. मी त्यांची कंबर मोजायला उठलो, तेव्हा त्यांनी स्वतःच्या गळ्यातली पिवळी टेप काढून माझ्या हाती दिली. तिच्यावरचे पहिले चार-पाच आकडे बोटांनी धरून धरून पुसले गेले होते. "माझी कंबर 37 आहे, डॉक्टरसाहेब, वहीत लिहिलेली आहे," असे ते म्हणाले. पँट जिथे बसते तिथे, म्हणजे पोटाच्या खाली, ती खरोखरच 37 इंच होती. मी टेप बेंबीपाशी सरकवली आणि माप 41 भरले. काका बराच वेळ त्या आकड्याकडे पाहत राहिले. मग हळूच म्हणाले, "चाळीस वर्षे लोकांची मापे घेतली, पण पोट सोडूनच घेतली की!"

म्हणून सांगतो, माप बेंबीपाशी घ्यावे, पट्ट्यापाशी नव्हे. आपल्याकडील पुरुषांत ते 90 सेंटिमीटर, म्हणजे सुमारे साडेपस्तीस इंच, ओलांडू नये.

एकट्या काकांचा आजार चरबीमुळेच परतला, असे कोणी सांगू शकणार नाही. मात्र स्थूल पुरुषांत हा कर्करोग अधिक आक्रमक रूपात आढळतो आणि उपचारानंतर परतण्याचे प्रमाणही अधिक असते, असे मोठ्या अभ्यासांत दिसले आहे. पोटातील चरबी निपचित पडून राहत नाही. तिच्यामुळे इन्सुलिन वाढते आणि शरीरात सौम्य दाह धुमसत राहतो. शिवाय स्थूल शरीरात रक्त अधिक असल्यामुळे पीएसए त्यात पातळ होते आणि अहवालातील आकडा खऱ्यापेक्षा कमी दिसतो. आकडा कमी दिसतो, म्हणून निदानाला उशीर होतो.

येथे मनातले एक बोलतो. रुग्णाला भेटायला जाताना कुंद्याचा, म्हणजे दुधाच्या गोड मिठाईचा, डबा नेण्याची आपल्या बेळगावची रीत मायेची आहे, तरीही त्या डब्याऐवजी चार पेरू न्यावेत, असे मला कळकळीने वाटते. या कर्करोगासाठी पुरुषी हार्मोन दाबणारी इंजेक्शने घेणाऱ्यांच्या बाबतीत तर विशेषच, कारण त्या औषधाने स्नायू झडतात आणि चरबी वाढते. अशांनी डॉक्टरांना विचारून रोजचे चालणे आणि थोडा वजनाचा व्यायाम ठेवावा.

काकांनी पुढे रेडिएशन घेतले. आता ते पीएसएच्या अहवालामागे पेन्सिलीने दोन मापे लिहून आणतात, एक पँटीचे आणि एक बेंबीचे. गेल्या खेपेला दुसरे 38 होते.