लिस्बनला जाताय? दुपारचं जेवण चुकवू नका

लिस्बनला जायचं ठरलं की बहुतेक जण रात्रीच्या जेवणाची जागा शोधायला लागतात. नदी दिसणारी गच्ची, फादूचं गाणं, टेबलावर मेणबत्ती. माझं सांगणं उलटं आहे. या शहरात दुपारी जेवा. नीट बसून, पोटभर, घाई न करता. लिस्बनचे लोक रोज जे खातात ते साधारण साडेबारा ते अडीच या वेळात शिजून समोर येतं, आणि ते मिळतं ताश्कामध्ये.

ताश्का म्हणजे तिथली खाणावळ. मोजकी टेबलं, त्यावर अंथरलेला कागद, आणि काचेवर चिकटवलेली हाताने लिहिलेली यादी: प्रातु दु दिया, म्हणजे आजचं ताट. अशी यादी दिसली आणि आत कामावरून आलेली माणसं जेवताना दिसली, की बिनधास्त शिरा. रुआ ऑगुश्ता या पर्यटकांच्या गर्दीच्या रस्त्यावर पदार्थांचे फोटो दाखवून बोलावणारे भेटतील, तिथे थांबू नका. मोरारियाच्या गल्ल्या किंवा काम्पु द ओरीकसारखी राहती वस्ती धरा. एक लक्षात ठेवा, बरेच ताश्का रविवारी बंद असतात.

बसलात की न मागता पाव, ऑलिव्ह आणि कधी चीज टेबलावर येतं. हे फुकट नाही. याला कुव्हेर म्हणतात. खाल्लंत तर बिलात लागतं, नको असेल तर हात न लावता परत करा. कुणालाही वाईट वाटत नाही, ती तिथली रीतच आहे. पण पाव मात्र ठेवून घ्या. का, ते सांगते.

(स्क्रीनवर: तिसऱ्यांची वाफाळती बशी)

हे आहे अमैजुआश आ बुल्याँव पातु. तिसऱ्या, ऑलिव्ह तेल, भरपूर लसूण, लिंबू आणि मूठभर ताजी कोथिंबीर. बरेच जण थोडी व्हाइट वाइनही घालतात. युरोपात इतक्या सढळ हाताने कोथिंबीर वापरणारा देश म्हणजे पोर्तुगाल. शेजारच्या स्पेनमधल्या रोजच्या स्वयंपाकात ती क्वचितच दिसते. आपल्याकडच्या तिसऱ्यांना ओल्या नारळाचा आणि मसाल्याचा आधार असतो. इथे तसं काही नाही, त्यामुळे शिंपल्यातला समुद्राचा खारटपणा थेट जिभेवर येतो. बशीच्या तळाला जो रस उरतो, तो पावाने पुसून खायचा. तिथले लोक तेच करतात, आणि माझ्या मते या शहरातला सगळ्यात चांगला घास तोच.

मग बाकल्याव. खारवून वाळवलेला कॉड. हा मासा पोर्तुगालच्या किनाऱ्यावर मिळत नाही. त्यासाठी पोर्तुगीज जहाजं शतकानुशतकं पार न्यूफाउंडलंडपर्यंत जात होती, आणि आज तो मोठ्या प्रमाणावर नॉर्वेहून येतो. शिजवायच्या आधी तो पाणी बदलत बदलत एक-दोन दिवस भिजवतात, मीठ उतरवतात. पावसाळ्याची बेगमी म्हणून सुकी मासळी भरून ठेवणाऱ्या कोकणातल्या घरांना ही मेहनत वेगळी सांगायला नको. पहिल्यांदा खात असाल तर बाकल्याव आ ब्राश मागवा: माशाचे तुकडे, कांदा, काडीसारखे तळलेले बटाटे आणि वरून अंडं. बऱ्याच ठिकाणी 'मैया दोझ', म्हणजे अर्धा हिस्सा मिळतो. एकट्याला तो पुरतो.

भाजलेल्या तारल्या म्हणजे सार्दिन्या खायच्या असतील तर उन्हाळ्यात जा. १२ जूनच्या रात्री, संत अँथनीच्या सणाला, अल्फामा या जुन्या वस्तीच्या गल्लीगल्लीत शेगड्या पेटतात. हिवाळ्यात समोर आल्या तर त्या बहुधा गोठवलेल्या असतात. ताज्या मोठ्या माशाचा भाव अनेकदा किलोवर लिहिलेला असतो, तेव्हा भाजायला टाकण्याआधी वजन करून किंमत विचारा.

आता शाकाहारी मंडळींसाठी, कारण तुमची अडचण खरी आहे. काल्दु व्हेर्द हे हिरव्या पाल्याचं बटाट्याचं सूप छान असतं, पण त्यात शोरीसु सॉसेजची चकती घालतात. 'सें शोरीसु' म्हणून सांगा आणि मूळ रस्सा मांसाचा नाही ना, हेही विचारून घ्या. पैशिन्युश द ओर्ता म्हणजे पिठात बुडवून तळलेल्या फरसबीच्या शेंगा. जपानच्या तेंपुराचं मूळ पोर्तुगीजांनी तिकडे नेलेल्या अशाच तळणात असल्याचं मानलं जातं. पिठात अंडं असू शकतं. आणि पूर्ण शाकाहारी जेवण हवं असेल तर लुमियार भागात राधाकृष्ण मंदिर आहे, तिथलं उपाहारगृह बघा.

लिस्बनच्या कॅफेंमध्ये काचेच्या कपाटात शामुसा दिसेल. हा आपला सामोसाच. १९६१ नंतर गोव्यातून आणि १९७५ मध्ये मोझांबिक स्वतंत्र झाल्यावर तिथून अनेक गोवेकर कुटुंबं इथे आली, त्यांच्या हातची चव शहरात रुजली. आतलं सारण बहुतेकदा मांसाचं असतं, गोमांसाचंही, म्हणून विचारल्याशिवाय घेऊ नका. शाकुती खायची असेल तर मोरारियात तेंतासोंइश द गोवा नावाचं छोटं हॉटेल आहे.

पिण्याचं थोडक्यात. कॉफी म्हणजे बिका, छोट्या कपातली, कडक. काउंटरवर उभं राहून प्या, बाहेरच्या टेबलावर अनेक ठिकाणी दर जास्त असतो. नळाचं पाणी पिण्यालायक आहे. रोसियुजवळ, साँव दोमिंगुश चौकात १८४० पासूनचं एक चिमुकलं दुकान आहे, तिथे जिंजिन्या मिळते, आंबट चेरीचं गोडसर मद्य. फळासकट हवी असेल तर 'कों एलश' म्हणा.

आणि बेलें, लिस्बनचाच नदीकाठचा भाग. तिथलं पाश्तेइश द बेलें हे कस्टर्ड टार्टचं दुकान १८३७ चं. शेजारच्या जेरोनिमुश मठातली कृती, आजही गुप्त ठेवलेली. या टार्टमध्ये अंड्याचं पिवळं असतं, हे आधीच सांगते. बाहेर जी लांबलचक रांग दिसते ती मुख्यतः बांधून नेणाऱ्यांची. आत निळ्या फरशांच्या भिंतींची मोठी दालनं आहेत, बसून खायचं असेल तर आत जाऊन टेबलासाठी विचारा. टेबलावर दालचिनी आणि पिठीसाखर असते, ती वरून भुरभुरा आणि गरम असतानाच खा.