हात बसेपर्यंत

(दृश्य : लेथवर फिरणारा फणसाचा ओंडका, अगदी जवळून. पहिली काही सेकंदे फक्त लेथचा आवाज.)

हे फणसाचे लाकूड. पावसाच्या सुरुवातीला वाऱ्याने आडव्या झालेल्या झाडाचे, अजून पुरते ओले. पटाशी टेकली की तुषार उडतात ते त्यामुळे. साल आणि तिच्या आतला पांढरट थर निघून गेला की हा पिवळाधमक गाभा लागतो. हा पिवळा रंग टिकत नाही. हवा आणि उजेड लागत गेला की तो हळूहळू तपकिरीकडे झुकतो. जुन्या घरांतले फणसाचे दरवाजे काळपट दिसतात, तेही कधीकाळी याच रंगाचे होते.

(दृश्य : शेडचा बाहेरून देखावा. मागे कुळागर, म्हणजे पोफळी-माडांची बाग, पत्र्यावर पाऊस.)

गोव्याच्या फोंडा तालुक्यातली ही शेड. शनिवार-रविवारी इथे कातकाम शिकवतात. लेथवर लाकूड फिरवायचे आणि फिरत्या लाकडाला पटाशी लावून आकार द्यायचा, हे ते काम. लाटणे, रवी, भोवरा, पाळण्याचे दांडे, चौरंगाचे पाय, तबल्याचे खोड... आपल्या घरात जे जे लाकडी आणि गोल आहे, ते बहुतेक सगळे लेथवरूनच आलेले.

शिकायला आलेली माणसे बघा. डिचोलीच्या शाळेत शिकवणाऱ्या बाई आहेत, त्यांनी आजवर पटाशी हातात धरलेली नाही. फर्मागुडीच्या इंजिनिअरिंग कॉलेजातला मुलगा आहे. म्हापशाचे निवृत्त बँक कर्मचारी आहेत. आणि सावईवेऱ्याचा एक तरुण सुतार आहे, खिडक्या-दरवाजे करणारा, ज्याला रंधा आणि करवत पाठ आहे, पण लेथ नाही. एकाच शेडमध्ये, एकाच दिवशी, सगळे शेजारी शेजारी. नवख्यांची तुकडी वेगळी आणि जाणत्यांची वेगळी, असे इथे करत नाहीत. आम्हाला हे फार मोलाचे वाटते. सुताराला लाकडाच्या रेषा वाचता येतात, त्या तो बाईंना दाखवतो. बाईंच्या हाताला जुनी खोड नाही, म्हणून नवी पकड त्यांना लवकर साधते, ती तो बघतो.

(दृश्य : मेस्त. हात, मग चेहरा.)

शिकवणाऱ्यांना सगळे मेस्त म्हणतात. पहिला बराच वेळ ते लेथचे बटणही दाबू देत नाहीत. आधी अंगावरच्या वस्तू. अंगठी, घड्याळ, बांगड्या काढायच्या. ओढणी नको, सैल बाही नको, केस घट्ट बांधायचे. मंगळसूत्र ब्लाउजच्या आत सारून चालत नाही, काढून पर्समध्ये ठेवायचे. मग तोंडावर पारदर्शक ढाल आणि नाकाला मास्क. मास्कबद्दल मेस्त कुणाचेच ऐकून घेत नाहीत, आणि ते बरोबर आहे. लाकडाच्या भुशाने माणसाला कर्करोग होतो, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ सालीच नोंदवले आहे. आपल्याकडच्या कितीतरी सुतारांनी ते कधी ऐकलेलेही नाही.

मग लाकूड लेथच्या दोन टोकांत पकडायचे. पटाशी ज्यावर टेकवायची ती टेकणी लाकडाच्या जवळ आणायची, दोन-तीन मिलिमीटरवर. आणि वीज लावण्याआधी लाकूड हाताने एक पूर्ण फेरा फिरवून बघायचे, कुठे घासत नाही ना. किती वेगाने फिरवायचे, याचा हिशेब भिंतीवर खडूने लिहिलेला आहे : लाकडाचा व्यास इंचांत घ्यायचा, त्याला मिनिटाच्या फेऱ्यांनी गुणायचे, उत्तर ६००० ते ९००० च्या मध्ये यायला हवे. दहा इंची वाडगा असेल तर ६०० ते ९०० फेरे. दोन इंची लाटणे असेल तर ३००० च्या पुढेही चालते. ओबडधोबड, एका बाजूला जड असलेला ओंडका मात्र याहूनही सावकाश सुरू करायचा.

(दृश्य : चौकोनी तुकडा फिरू लागतो. इथे आवाज मोठा ठेवावा.)

आता कान द्या. शिवणीच्या लाकडाचा चौकोनी तुकडा फिरतोय आणि गोल पटाशी त्याचे कोपरे उडवतेय. टकटक टकटक. हा कोपऱ्यांचा आवाज आहे. बाई पटाशी डावीकडून उजवीकडे नेतात, परत आणतात. टकटक बारीक होत जाते. मध्येच एका जागी थांबते, दुसरीकडे अजून चालू असते. मग एकदम सलग सूं... तुकडा गोल झाला. लेथ बंद न करता, डोळे मिटूनही हे कळते. मेस्त पाठ करून उभे असतात तेव्हाही त्यांना कळते, कुणाचे लाकूड गोल झाले आणि कुणाचे नाही.

शिवण मुद्दाम निवडलेली. हलकी, मऊ, नवख्या हाताला सांभाळून घेणारी. पहिले काम लाटण्याचे.

(दृश्य : पटाशीचे टोक, अतिशय जवळून.)

धार थेट लाकडात खुपसायची नाही. आधी पटाशी टेकणीवर ठेवायची, घट्ट. मग धारेच्या मागचा उतार लाकडावर नुसता टेकवायचा, इस्त्री कापडावर टेकवतो तसा. तो घासतो, कापत नाही. आणि मग मूठ किंचित वर उचलायची. उचलता उचलता एक क्षण येतो, धार लाकडाला लागते आणि ढलपी सुटते. जाड नाही, तुकडे नाहीत. लांब, सलग, रिबिनीसारखी. ही ढलपी सुटली की पृष्ठभाग असा निघतो की पॉलिश पेपर जेमतेम लागतो.

हा उतार टेकवायचा विसरला की काय होते, तेही चित्रीकरणात आले आहे. तिरकी पटाशी अडकली, झटका बसला, लाटण्यावर मळसूत्रासारखी खोल चरी उठली. बाई दचकल्या. मेस्तांनी लेथ बंद केला, चरीवर बोट फिरवले, म्हणाले, "बाय, हाताने ढकलू नको. हात अंगाला लावून ठेव आणि अंगाने सरक." पटाशी त्यांनी स्वतःच्या हातात घेतली नाही. बाईंच्याच हातात राहू दिली, फक्त मुठीखाली दोन बोटे धरली. नीट करून देणे सोपे होते, त्यांनी ते केले नाही. लाटणे थोडे बारीक झाले, चरी गेली.

मुठीखालच्या त्या दोन बोटांचा दाब कॅमेऱ्याला दाखवता येत नाही. म्हणूनच हे शिकायला लेथसमोर उभे राहावे लागते.

सुताराची अडचण वेगळी. त्याचा हात जोराचा. रंध्याला जोर लागतो, इथे नाही. इथे लाकूडच धारेकडे येते. आणि दिशा सांभाळायची असते : लाटण्यावर नेहमी जाडीकडून बारीक भागाकडे उतरायचे, चढायचे नाही. चढलात की धार रेषांच्या टोकांत शिरते आणि त्या उपटल्या जातात. वाडग्याला हाच नियम बाहेरून उलटा होतो, कारण वाडग्यात रेषा लेथच्या आडव्या असतात. बाहेरून बुडाकडून काठाकडे, आतून काठाकडून मध्याकडे. सुताराला हे एकदा सांगितले, पुन्हा सांगावे लागले नाही.

(दृश्य : पुन्हा फणस. आतला भाग पोखरला जातोय.)

वाडगा दुसऱ्या दिवशी. फणसाचा चीक हाताला चिकटतो, म्हणून लेथच्या बाजूला खोबरेल तेलाची वाटी आहे. साबणाने तो निघत नाही, हे गोव्यात कुणाला सांगायला नको.

ओल्या लाकडाचा वाडगा एका बैठकीत पुरा करत नाहीत. त्याची भिंत मुद्दाम जाड ठेवायची, व्यासाच्या दहाव्या भागाइतकी. दहा इंची वाडग्याला एक इंच. मग तो त्याच्याच ढलप्यांसकट कागदी पिशवीत घालून काही महिने सोडून द्यायचा. सुकताना लाकूड सगळीकडून सारखे आकसत नाही. वार्षिक वलयांच्या बाजूने आकसते ते वलयांना छेदून जाणाऱ्या दिशेच्या साधारण दुप्पट. म्हणून गोल वाडगा अंड्यासारखा लांबट होतो. जाड भिंत ठेवलेली असते ती यासाठीच : सुकल्यावर पुन्हा लेथवर चढवायचा आणि खरा गोल करायचा. गोव्याच्या पावसाळी हवेत सुकायला वेळ जास्त लागतो. घाई केली तर चीर पडते.

(दृश्य : फडताळ. पिशव्या, ओंडके, खडूने लिहिलेली नावे.)

आंबा, फणस, शिवण, किंदळ. कापण्यासाठी तोडलेले यात एकही नाही. गोव्यात झाड तोडायला १९८४ च्या कायद्याखाली परवानगी लागते. इथे येते ते पडलेले किंवा फांद्या छाटताना निघालेले. वरच्या फळीवरचा आंबा मे २०२१ च्या तौक्ते वादळात पडलेला. नाहीतर तो चुलीतच गेला असता.

(दृश्य : कुंकळ्ळी. लाखेची कांडी फिरत्या लाकडावर.)

आणि आता कुंकळ्ळी. सासष्टी तालुक्यातल्या या गावातले चितारी कारागीर लाखेच्या कामासाठी ओळखले जातात. हे दृश्य डोळे भरून बघावे. लाख ही किड्यांनी झाडाच्या फांद्यांवर केलेली राळ. तिच्यात रंग मिसळून कांडी करतात आणि ती फिरत्या लाकडावर दाबतात. ब्रश नाही, विस्तव नाही. घर्षणाची ऊब एवढीच. तेवढ्याने लाख वितळते आणि लाकडावर चढते. मग केवड्याच्या पानाचा तुकडा दाबून धरला की तीच लाख सारखी पसरते आणि चमकू लागते. लाल पट्टा, त्याच्याशेजारी पिवळा, मध्ये बारीक हिरवी रेघ. पाट, पाळणे, लाटणी, खेळणी, सगळ्यांवर हेच रंग.

पूर्वी असे लेथ दोरीने ओढत. एकाने दोरी ओढायची, दुसऱ्याने जमिनीवर बसून पटाशी धरायची. चांदर-लोटलीच्या जुन्या घरांतले शिसवी खुर्च्यांचे कातीव पाय, जिन्यांचे कठडे, देवळांतले कातीव खांब, हे सगळे विजेच्या आधीचे. ज्यांनी ते केले त्यांची नावे कुठे कोरलेली नाहीत. त्यांच्या पटाशीची खूण मात्र त्या वळणांत अजून दिसते, आणि मेस्त ती दाखवतात.

कुंकळ्ळीत आता मोजकीच घरे हे काम करतात. प्लास्टिकची खेळणी आणि कारखान्यातले पाळणे आले, मुले दुसऱ्या नोकऱ्यांत गेली.

(दृश्य : पुन्हा शेड. सगळ्यांची लाटणी एका बाकावर.)

पुढची तुकडी गणेश चवथीनंतर बसेल. लेथ, पटाश्या, लाकूड, मास्क सगळे इथेच मिळते. पायात बंद बूट हवेत, चप्पल चालत नाही. आधी काही येत असण्याची अट नाही, येत असेल तर त्याला हरकतही नाही. लाखेचे काम पहिल्या वर्गात नाही. लाटणे आणि वाडगा दोन्ही झालेल्यांनाच ते शिकवतात, कारण लाख लाकडातला प्रत्येक खड्डा उघडा पाडते. सावईवेऱ्याच्या सुताराने त्यासाठी आत्ताच नाव दिले आहे. बाईंनीही.