कोर्टाची पहिली तारीख: "गुन्हा कबूल आहे का?" या प्रश्नाला घाईत उत्तर देऊ नका

[टेबलावर समन्स, शेजारी श्वासचाचणीच्या यंत्राची छापील पट्टी]

नमस्कार. असा समन्सचा, म्हणजे कोर्टात हजर व्हायला बोलावणारा, कागद घरी आला की पहिला फोन त्या मित्राला जातो जो म्हणतो, "अरे काही नसतं, जायचं, हो म्हणायचं, दंड भरायचा, अकरा वाजता सुटलास." आजचा व्हिडिओ त्या 'हो'बद्दल आहे.

उदाहरण एकच धरू, महाराष्ट्रात नेहमी दिसणारं: दारू पिऊन गाडी चालवली म्हणून मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम १८५. रक्तात १०० मिलिलिटरला ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल सापडलं की हे कलम लागतं. पहिल्यांदा सापडलात तर ६ महिन्यांपर्यंत कैद, किंवा १०,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. पुन्हा सापडलात तर २ वर्षांपर्यंत कैद, किंवा १५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. गुन्हा जामीनपात्र आहे. म्हणजे जामीन हा तुमचा हक्क आहे, कुणाचे उपकार नव्हेत.

तुमचं कलम वेगळं असेल, शेजाऱ्याशी मारामारी, सार्वजनिक ठिकाणी गोंधळ, तरी पहिल्या तारखेचा दिवस जवळपास असाच जातो.

आधी समन्स नीट वाचा.

[समन्स कॅमेऱ्याजवळ धरून]

वर कोर्टाचं नाव. 'प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी' असं असेल, आणि मोठ्या शहरात पुढे कोर्ट क्रमांक. खाली खटल्याचा नंबर. 'एस.सी.सी.' म्हणजे समरी क्रिमिनल केस, छोट्या गुन्ह्यांचे खटले बहुतेक त्यात पडतात. 'आर.सी.सी.' म्हणजे रेग्युलर क्रिमिनल केस. मग कलम, मग तारीख. तारीख बरेचदा हाताने लिहिलेली असते आणि १ चा ७ वाचला जातो. हसू नका, अशाने वॉरंट निघतात.

म्हणून ई-कोर्ट्सच्या मोफत अ‍ॅपवर तारीख ताडून बघा. तिथे सीएनआर नंबर, म्हणजे खटल्याचा ओळख क्रमांक, टाकायचा. तो १६ अक्षर-आकड्यांचा असतो: पहिली दोन अक्षरं राज्याची, पुढची दोन जिल्ह्याची, शेवटचे चार आकडे वर्षाचे. नंबर नसेल तर कोर्ट निवडून नावानेही शोधता येतं. मात्र नाव इंग्रजीत कसं टाइप केलंय यावर सगळं अवलंबून, तेव्हा दोन-तीन स्पेलिंगं करून पाहा.

याचा आणखी एक उपयोग. नव्या कायद्यानुसार समन्स इलेक्ट्रॉनिक पद्धतीनेही येऊ शकतं, आणि त्याचा फायदा ठग घेतात. व्हॉट्सअ‍ॅपवर समन्स आलं आणि खाली 'अटक टाळण्यासाठी या क्यूआरवर पैसे भरा' असं असेल, तर तो कागद कोर्टाचा नाही. कोर्ट समन्समध्ये तुम्हाला बोलावतं. अटक टाळायचे पैसे मागत नाही.

"मी घरी नव्हतो, सही आईने केली, मग ते समन्स लागू कसं?" हा प्रश्न हमखास येतो. लागू होतं. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत घरातल्या सज्ञान पुरुषाकडेच समन्स देता येत असे. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली आणि आता घरातली कुठलीही सज्ञान व्यक्ती, आई, बायको, बहीण, ते घेऊ शकते. घरकामाला येणाऱ्या मावशी यात धरत नाहीत. आणि घरात कुणी सापडलंच नाही तर दाराला चिकटवायचीही सोय कायद्यात आहे. तेव्हा कागद टाळून काही मिळत नाही.

आता तयारी. आदल्या रात्री एक प्लॅस्टिकची फाइल भरा. समन्स, आधार, वाहन परवाना किंवा तो पोलिसांनी जप्त केला असेल तर त्याची पोचपावती, आरसी, विम्याची प्रत, चाचणीची पट्टी. दोन पासपोर्ट फोटो. सगळ्याच्या झेरॉक्स दोन-दोन. कोर्टाच्या आवारात झेरॉक्स मिळते, पण अकरा वाजता तिथे रांग असते आणि नेमका तेव्हाच तुमचा पुकारा होतो.

जामिनाचं काय? अशा प्रकरणात बहुतेक वेळा जातमुचलक्यावर भागतं. जातमुचलका म्हणजे 'मी प्रत्येक तारखेला येईन, नाही आलो तर इतकी रक्कम देणं लागतो' हे तुम्ही स्वतः लिहून देणं. पण कोर्ट जामीनदारही मागू शकतं. म्हणून एक जामीनदार फोनच्या अंतरावर नको, कोर्टाच्या अंतरावर ठेवा. त्याच्याकडे आधार, रेशनकार्ड आणि ऐपत दाखवणारं काहीतरी हवं: सातबारा, घरपट्टीची पावती किंवा पगाराची स्लिप. त्याने आधी कुणाकुणाला जामीन दिलाय हेही त्याला लिहून द्यावं लागतं, तेव्हा गावभर जामीन देत फिरणारा काका आणू नका. जामीनदार नसेल तर रोख रक्कम भरायची परवानगी मागता येते. ती नाझरकडे, म्हणजे कोर्टाचे पैसे घेणाऱ्या कर्मचाऱ्याकडे, भरायची आणि पावती जपून ठेवायची, कारण खटला संपल्यावर पैसे परत मागायला तीच लागते.

वकील हवा का? पहिल्या तारखेपुरता तरी हवा. परवडत नसेल तर प्रत्येक जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं, तालुक्याला समिती असते, हेल्पलाइन १५१००. महिला, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, दिव्यांग, कोठडीत असलेले यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. बाकीच्यांना उत्पन्नाची अट आहे. तिथे तारखेच्या दिवशी सकाळी धावू नका, दोन-तीन दिवस आधी जा.

त्या दिवशी साडेदहाला आवारात असा. कोर्टाच्या दाराबाहेर त्या दिवसाचा बोर्ड, म्हणजे खटल्यांची यादी, लागतो. त्यावर आपला अनुक्रमांक बघा. ७ असेल तर चहाला जाऊ नका, ८४ असेल तरीही जाऊ नका, कारण गैरहजर लोकांची प्रकरणं भराभर पुढे सरकतात. आत गेल्यावर बेंच क्लार्कना, म्हणजे न्यायाधीशांच्या पुढे बसणाऱ्या कारकुनांना, खटल्याचा नंबर सांगून 'हजर आहे' एवढं कळवा. मोबाइल सायलेंटवर नको, बंदच. तोंडात काही नको. कपडे साधे.

दाराशी शिपाई नावाचा पुकारा करतो. आवाज कधी खणखणीत, कधी पुटपुटल्यासारखा, आणि आडनाव हमखास चुकीचं. खटल्याच्या नंबराकडेही कान ठेवा.

[इथून हळू]

आत गेलात, आरोपीच्या जागी उभे राहिलात. न्यायाधीश आरोपाचा गाभा तुम्हाला सांगतात: अमुक तारखेला, अमुक ठिकाणी, अमुक नंबरची गाडी, दारूच्या अमलाखाली. आणि विचारतात, गुन्हा कबूल आहे का?

हे सगळं तीस सेकंदांत होतं. मागे पन्नास लोक उभे असतात. आणि तोंडातून जातं, "हो साहेब, पण थोडीशीच घेतली होती."

तुम्ही कबुली दिलीत की ती शक्यतो तुमच्याच शब्दांत नोंदवायची असते, आणि तेवढ्यावर शिक्षा सुनावता येते. मग अपिलाचा दरवाजा जवळजवळ बंद होतो. कबुलीवर झालेल्या शिक्षेविरुद्ध फक्त शिक्षा जास्त आहे किंवा बेकायदा आहे एवढंच म्हणता येतं, 'मी गुन्हा केलाच नाही' असं नाही.

आता मित्राने न सांगितलेला भाग. मोटार वाहन कायद्याचं कलम २०. कलम १८५ खाली दोषी ठरलात तर कोर्टाने तुम्हाला वाहन चालवायला अपात्र ठरवायचं असतं, आणि ती मुदत ६ महिन्यांपेक्षा कमी नसावी असं कायदा म्हणतो. रिक्षा चालवणाऱ्याला, डिलिव्हरी करणाऱ्याला १०,००० चा दंड परवडेल एकवेळ, पण सहा महिने गाडी बंद? शिवाय दोषसिद्धी नोंदली गेली की पुढच्या वेळी तुम्ही दुसऱ्यांदा सापडलेले. सरकारी नोकरीच्या चारित्र्य पडताळणीच्या फॉर्ममध्येही ती लिहावी लागते. काही वेळा 'कोर्ट उठेपर्यंत कैद' होते, म्हणजे संध्याकाळपर्यंत तिथेच बसायचं. ऐकायला गंमत वाटते. शिक्षा ती शिक्षाच.

मग कबूल करूच नये का? असं अजिबात नाही. पट्टीवर आकडा स्पष्ट आहे, नाव-वेळ बरोबर आहे, तर कबुली देऊन विषय संपवणं हा शहाणपणाचा निर्णय असू शकतो. खटला लढवायचा म्हणजे महिनोन् महिने तारखा, आणि तो प्रलंबित असताना पासपोर्टसाठी कोर्टाची परवानगी लागते. फक्त निर्णय कागद वाचून घ्या.

त्यासाठी तिथे उभं राहून म्हणायचं वाक्य: "साहेब, मला कागदपत्रांच्या नकला मिळाव्यात, वाचून उत्तर देतो." पोलिसांनी दोषारोपपत्र दाखल केलेल्या खटल्यात या नकला मोफत मिळतात, आणि तुम्ही हजर झाल्यापासून १४ दिवसांच्या आत द्यायच्या असतात. भाषा कळली नाही तर "समजलं नाही, मराठीत सांगाल का" हे विचारायला लाजू नका.

नकला हातात आल्या की पट्टीवर बघा: नाव तुमचंच आहे ना, गाडीचा नंबर, तारीख, वेळ, यंत्राचा क्रमांक, आकडा, सही. मग पंचनाम्यातली वेळ आणि पट्टीवरची वेळ शेजारी ठेवा. पट्टी २३.४० ची आणि पंचनाम्यात गाडी थांबवली ००.१५ ला, असं असेल तर वकिलाला ते आधी दाखवा. अटक झाली असेल तर आणखी एक बघा: अटकेपासून दोन तासांत डॉक्टरकडून वैद्यकीय तपासणी व्हायला हवी, नाहीतर सोडायला हवं, असं मोटार वाहन कायद्याचं कलम २०२ सांगतं.

दंड झाला तर तो कोर्टातच भरायचा, शिक्क्याची पावती घ्यायची. आवारात "पाच मिनिटांत मोकळं करतो" म्हणणारा इसम भेटेल. त्याच्या हातात दिलेल्या पैशांची पावती नसते. दंड एकदम भरणं जमत नसेल तर ३० दिवसांपर्यंत मुदत किंवा हप्ते मागता येतात, पण ते आपण होऊन मागावं लागतं.

येणं जमतच नसेल तर वकिलामार्फत त्याच दिवशी गैरहजेरी माफीचा अर्ज द्या, आजारपण असेल तर डॉक्टरांच्या दाखल्यासह. काहीच केलं नाही तर आधी जामीनपात्र वॉरंट, मग अजामीनपात्र. आणि जामिनावर असताना विनाकारण न येणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २६९ खाली वेगळा गुन्हा आहे, एक वर्षापर्यंत कैदेचा. मूळ गुन्ह्याच्या सहा महिन्यांपेक्षा जास्त! वॉरंट निघालंच असेल तर पोलिस दारात यायची वाट बघू नका. स्वतः हजर होऊन वॉरंट रद्द करण्याचा अर्ज द्या.

न्यायाधीश रजेवर असतील तरी निघून जाऊ नका. प्रभारी कोर्टात पुढची तारीख मिळते. ती बेंच क्लार्कना विचारून फाइलच्या पहिल्या पानावर मोठ्या आकड्यांत लिहा, आणि रात्री अ‍ॅपवर तीच चढलीय ना ते बघा. वेगळी दिसली तर दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊन विचारा.