वजनाचं ऑपरेशन करायचं म्हणताय?

नमस्कार श्रोतेहो. निपाणी-चिकोडीपासून खानापूरपर्यंत, बेळगाव शहरात आणि तिकडे अथणी-कागवाडकडे जे कोणी ऐकताय, त्या सगळ्यांना नमस्कार. मी आहारतज्ज्ञ आहे. वजन कमी करण्याच्या ऑपरेशनआधी आणि नंतर काय खायचं, कसं खायचं, हे सांगणं माझं रोजचं काम. आज बोलायचं आहे ते ऑपरेशन करावं की नको या विचारात असलेल्यांशी, आणि त्यांच्या घरच्यांशी. घरच्यांशी जरा जास्तच.

"चरबी काढतात तेच ना हे?" असं बरेच जण विचारतात. नव्हे. चरबी ओढून काढतात ते लायपोसक्शन. ते अंगाला आकार देण्यापुरतं. त्यानं मधुमेह हलत नाही, घोरणं थांबत नाही. बॅरिॲट्रिक, म्हणजे वजन कमी करण्याचं, ऑपरेशन जठरावर होतं, दुर्बिणीतून. आपल्या भागात दोन नावं जास्त कानावर पडतात. स्लीव्हमध्ये जठराचा ७५ ते ८० टक्के भाग कापून कायमचा काढून टाकतात आणि केळ्याच्या आकाराची नळी तेवढी ठेवतात. भूक चेतवणारं घ्रेलिन नावाचं संप्रेरक मुख्यतः त्या कापलेल्या भागात तयार होतं, त्यामुळे पोट लहान होतं आणि भूकही मंदावते. बायपासमध्ये जठराच्या वरच्या टोकाला लहानशी पिशवी करून ती लहान आतड्याला पुढे नेऊन जोडतात. ज्यांना आधीच छातीत जळजळ आणि आंबट पाणी वर येण्याचा मोठा त्रास आहे, त्यांचा तो स्लीव्हनंतर वाढू शकतो. तेव्हा "शेजारच्यांनी स्लीव्ह केली, मलाही तीच करा" असं म्हणू नका. आधी एंडोस्कोपी, म्हणजे तोंडातून नळी घालून जठर आतून बघतात ती तपासणी, होऊ द्या, मग सर्जन काय सांगतात ते ऐका.

आता कोणी करावं? गणित सोपं आहे. किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गानं भागायचं. समजा एका बाईंची उंची १६० सेंटीमीटर, म्हणजे सव्वापाच फूट, आणि वजन ९६ किलो. १.६ गुणिले १.६ म्हणजे २.५६, ९६ भागिले २.५६, उत्तर साडेसदतीस. हा झाला बीएमआय. जगभरच्या बॅरिॲट्रिक सर्जनांच्या संघटनांनी २०२२ मध्ये जे निकष दिले, त्यांत ३५ च्या वर असलेल्यांना दुसरा आजार असो-नसो ऑपरेशन सुचवावं, आणि ३० ते ३५ मध्ये मधुमेहासारखा आजार असेल तर विचार करावा, असं म्हटलंय. आपल्या आशियाई लोकांना कमी वजनातच मधुमेह गाठतो, म्हणून आपल्यासाठी हे आकडे आणखी खाली आणलेत.

पण विमा कंपनीचं गणित निराळं. विमा नियामकांच्या नियमात बीएमआय ४० किंवा त्याहून जास्त लागतो. किंवा ३५ आणि सोबत आटोक्यात न येणारा मधुमेह, झोपेत श्वास अडकण्याचा तीव्र विकार, हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा आजार, नाहीतर लठ्ठपणामुळे कमकुवत झालेलं हृदय, यांपैकी काहीतरी. आणि साधे उपाय करून झालेत, याचे कागद. म्हणजे मघाच्या आपल्या ९६ किलोच्या बाईंना डॉक्टर होय म्हणतील आणि विमा कंपनी नाही म्हणेल, असं होऊ शकतं. मंजुरी लेखी घ्या, तीही तारीख ठरवायच्या आधी. ॲडमिट झाल्यावर ही भानगड निस्तरत बसायला घरात कुणाला सवड नसते. सरकारी योजनांचंही तेच. इकडे आरोग्य कर्नाटक आहे. सीमाभागातल्या ८६५ गावांना महात्मा फुले जनआरोग्य योजना लागू करण्याचा निर्णय महाराष्ट्र शासनानं २०२३ मध्ये घेतला. "कार्डावर फुकट होतंय म्हणे" असं कोणी सांगितलं तर हे ऑपरेशन यादीत आहे का, ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारून कागदावर लिहून घ्या.

वजन उतरवणाऱ्या इंजेक्शनांबद्दलही हल्ली सगळे विचारतात. मौंजारो भारतात मार्च २०२५ मध्ये आलं, वेगोव्ही जूनमध्ये. वजन त्यांनी उतरतं, खोटं नाही. पण थांबवलं की बहुतेकांचं परत चढतं. वजन फार असेल तर ऑपरेशननं उतरणारं वजन जास्त, आणि टिकतंही जास्त. थोडं जास्त असेल तर आधी औषध, आहार, चालणं. हा माझा कल. तुमच्या डॉक्टरांचा वेगळा असू शकेल.

ऑपरेशनचा जिवाला धोका किती? अनुभवी हातांत पित्ताशय काढण्याच्या ऑपरेशनइतका, म्हणजे कमीच. पण शिवलेल्या जागेतून गळती, रक्तस्राव, पायात रक्ताची गाठ होऊन ती फुफ्फुसात जाणं, हे होऊ शकतं. आणि वजन किती उतरतं? पहिल्या दीड-दोन वर्षांत एकूण वजनाच्या पाव हिस्सा किंवा थोडं जास्त. १२० किलोचा माणूस ८५-९० वर येतो. साठ किलोचा होत नाही. गुडघे हलके होतात, मधुमेहाच्या गोळ्या कमी होतात किंवा सुटतात, पण लग्नातल्या जुन्या फोटोसारखं दिसेन म्हणून कोणी येत असेल तर त्यांना मी परत पाठवते.

लग्नाचा विषय निघालाच आहे. आमच्याकडे येणाऱ्यांत बावीस-पंचवीसच्या मुली असतात, सोबत आई, कधी मामा. "स्थळं येतायत, दिवाळीच्या आत झालं तर बरं." मुलगी गप्प बसलेली असते. अशा वेळी मी आईला बाहेर चहाला पाठवते आणि मुलीला विचारते, तुला काय पाहिजे? कारण यात एक मोठी गोम आहे. ऑपरेशननंतर बारा ते अठरा महिने दिवस जाऊ द्यायचे नसतात. वजन भराभरा उतरत असतं, लोह-जीवनसत्त्वं कमी पडत असतात, ते बाळाला बाधतं. आणि वजन उतरलं की पाळी नियमित होते, पीसीओएस, म्हणजे संप्रेरकं बिघडून पाळी अनियमित होण्याचा त्रास, असलेल्यांना दिवस राहण्याची शक्यता उलट वाढते. गर्भनिरोधक गोळ्यांचा बायपासनंतर पूर्ण भरवसा धरता येत नाही. दुसरं साधन स्त्रीरोगतज्ज्ञांना विचारून घ्यावं लागतं. आता आपल्याकडे लग्न झालं की सहाव्या महिन्यात "काय, गोड बातमी?" सुरू होतं. तेव्हा ऑपरेशन झालेलं सासरी लपवून ठेवायचं, हा बेत निभत नाही. जन्मभर गोळ्या घ्यायच्या, पंगतीत चार घास खायचे, ते लपणार कसं? लग्न ठरवतानाच सांगा. नाही म्हणायचं असेल त्यांना तेव्हाच म्हणू द्या.

तंबाखूबद्दल आमच्या निपाणी भागात मोकळेपणानं बोलणं अवघड, अर्धा भाग त्याच पिकावर उभा आहे. पण शरीरात निकोटिन असलं की रक्तवाहिन्या आवळतात, जखम उशिरा भरते, बायपासनंतर जोडाच्या जागी अल्सर होतात. विडी-सिगारेट किमान सहा आठवडे आधी बंद पाहिजे, आणि नंतरही बंदच. बायका म्हणतात, "मी नाही बाई तंबाखू खात." मग जरा थांबून विचारलं की कळतं, सकाळी मिश्री लावतात. दुपारी पण. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच, वहिनी. तपकीर पण तेच. सांगून टाका, कोणी रागावत नाही.

आता स्वयंपाकघर. ऑपरेशनच्या आधी साधारण दोन आठवडे कमी कॅलरीचा, प्रथिनं जास्त असलेला आहार देतात. यकृताचा डावा भाग जठरावर पसरलेला असतो आणि लठ्ठपणात तो चरबीनं सुजलेला असतो. तो आकसला की सर्जनला हात घालायला जागा मिळते. म्हणून या दिवसांत "आता परत कधी मिळणार" म्हणून कुंदा आणि मांडे खाऊन घेणारे स्वतःचंच ऑपरेशन अवघड करतात. हे दरवर्षी कोणीतरी करतंच. मधुमेहाचं इन्शुलिन किंवा गोळ्या चालू असतील तर या आहारात साखर एकदम खाली जाऊ शकते. डोस आधीच बदलून घ्या.

ऑपरेशननंतर सुरुवातीला पातळ पदार्थ, मग मऊ पेस्टसारखं, मग मऊ घास, आणि दीड-दोन महिन्यांनी साधं जेवण. पहिल्या दिवसांत पाणीसुद्धा औषधाच्या छोट्या मापानं, तीस मिलिलिटर, तेही घोट घोट. गेल्या खेपेला एका सासूबाईंनी ते माप हातात धरून उलटसुलट बघितलं आणि म्हणाल्या, "यात माझं मांजर पण जगायचं नाही की ओ." जगतं. फक्त दिवसभर पीत राहावं लागतं.

खरी अडचण पुढे येते, प्रथिनांची. रोज किमान साठ ग्रॅम लागतात. एका अंड्यात सहा. घट्ट वरणाच्या वाटीत सहा-सात. आपली आमटी मात्र पातळ, वर तर्री. त्या वाटीत दोन-तीन मिळाले तरी नशीब. शेंगदाण्याच्या चटणीत प्रथिनं आहेत, पण तेल किती! तेव्हा ताटात आधी पनीर, अंडं, मासे, मूग, घट्ट दही, मग भाजी, भाकरीचा तुकडा सगळ्यात शेवटी. उसाच्या पट्ट्यात राहणाऱ्याला भाताशिवाय जेवल्यासारखं वाटत नाही, मला ठाऊक आहे. पण लहान पोट भातानं भरलं की बाकी कशाला जागा उरत नाही. जेवताना पाणी नाही, नंतर अर्धा तास नाही. ही सवय आत्तापासून लावून बघा: वीस-पंचवीस मिनिटं चावून चावून खाणं, पाण्याचा तांब्या दूर ठेवून. महिनाभर जमलं नाही तर तारीख पुढे ढकला, काही बिघडत नाही.

गोळ्यांचं पण घरात बोलून घ्या. मल्टिव्हिटॅमिन, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व, बी-१२, लोह. वर्षभर नव्हे, जन्मभर. ऑपरेशनच्या खर्चासोबत हा दरमहाचा खर्चही मांडा. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात केस गळतात तेव्हा घाबरू नका, सहसा परत येतात. सांधेदुखीच्या गोळ्या दुकानातून आणून घेण्याची सवय मात्र सोडा, बायपासवाल्यांनी तर नक्कीच.

ऑपरेशन कुठे करायचं? बेळगावात करता येतं, कोणी कोल्हापूर-मिरजेला जातं, कोणी हुबळीला, पॅकेज स्वस्त पडलं तर पुण्याला. माझं म्हणणं एवढंच, की नंतरच्या तपासण्यांना दरवेळी जाणं झेपेल असं ठिकाण निवडा. आणि भाषेचं. संमतीपत्र इंग्रजीत असतं, नर्स कन्नडमध्ये समजावते, आणि आपण मान डोलावून सही करतो. असं करू नका. "मला मराठीत सांगा, मग सही करते" म्हणा. तो तुमचा हक्क आहे, आणि बहुतेक ठिकाणी कोणी ना कोणी मराठी येणारं सापडतंच.

घरी आल्यावर पहिल्या काही आठवड्यांत ताप आला, पोट दुखायला लागलं, दम लागला, किंवा निवांत बसलेलं असताना नाडी १२० च्या वर पळायला लागली, तर सकाळची वाट बघू नका. गावातल्या डॉक्टरांनी ॲसिडिटीचं इंजेक्शन देऊन घरी पाठवलं तरी थांबू नका, ऑपरेशन केलेल्या रुग्णालयात फोन करा. उलट्या दोन दिवस थांबत नसतील तरी तेच. बी-१ जीवनसत्त्व संपून मेंदूवर परिणाम होऊ शकतो. ऑपरेशनचं नाव, तारीख आणि सर्जनचा नंबर लिहिलेली चिठ्ठी पाकिटात ठेवा, आणि एक घरात फ्रिजवर चिकटवा, म्हणजे रात्री दोन वाजता घरच्यांना शोधाशोध करावी लागणार नाही. नमस्कार.